गणपतींखालचा कट्टा

पेण, ९ जानेवारी

ती. आत्यास,

नितेशचा नमस्कार. पत्र कशाला, फोन कर, असं तू म्हणशील. पण फोनवर तुला नीट ऐकू येत नाही. तू "व्हय, व्हय" म्हणून ठेवून देतेस, आणि तुला नेमकं काय ऐकू गेलं या काळजीत माझा दिवस जातो. कागद असला की शेजारची प्रतीक्षा तो सावकाश वाचून दाखवेल. पत्र धोंडुबाई आणतील. त्या वालाच्या शेंगा घेऊन रोज सकाळच्या गाडीने रोह्याहून इथल्या बाजारात येतातच.

नगरपरिषदेत मी कंत्राटावर टायपिंगला लागलो हे तुला माहीत आहे. आता मला लेखा विभागात बसवलंय, कारण माझ्या टायपिंगमध्ये चुका सापडत नाहीत. (सापडत नाहीत कारण मी प्रत्येक पान पुन्हा पुन्हा वाचतो. हे कोणाला सांगू नकोस. बारावी सुटलेल्या माणसाला तेवढं करावंच लागतं.) सध्या पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक चाललंय. दिवे, पाणी, गटारं, झाडलोट यांवर वर्षभर किती खर्च करायचा आणि तो कुठून आणायचा, हे आधी लिहून फेब्रुवारीत सभेकडून मंजूर करून घ्यायचं असतं. जमेपेक्षा खर्च जास्त दाखवून चालत नाही. यंदा शासनाकडून येणारं अनुदान घटलंय आणि बेचाळीस लाख कमी पडतायत. आमचे लेखापाल विलासराव मोकल यांनी मला सांगितलं, कुठली कामं कापता येतील त्यांची यादी तयार कर.

यादीत पहिलंच काम कट्ट्याचं आहे. बाजारामागच्या मोकळ्या जागेत, डोक्यावर टोपली घेऊन येणाऱ्या बायांसाठी छपराचा कट्टा, एक नळ आणि संडास. धोंडुबाई ज्याची वाट पाहतायत तोच. कापायला सोपा, कारण अजून एक वीटही रचलेली नाही.

त्या मला रोज विचारतात, "काय रे बाबू, आमचा कट्टा कुठवर आला?" मी म्हणतो, "कागदावर आहे." हे खोटं नाही. पण त्यांचाच कट्टा जाणार असल्याचं पत्र मी त्यांच्याच टोपलीत ठेवतोय, आणि त्यांनी वर मला मूठभर शेंगा जास्त दिल्या. प्रतीक्षाला सांग, धोंडुबाई घरात नसताना वाच.

तुझा,
नितेश


वाडी, रोहा, १२ जानेवारी

नितेश बाला,

मी सांगते, प्रतिक्षा लिवते.

तुजं पत्र आयकून मला जेवन गेलं नाय. बेचाळीस लाख कमी पडलं म्हंजे पडलं कुठं? तुज्या हातून पडलं का? तुला त्या खात्यात बसवलं नि लगेच पैसं कमी झालं, आता सायब तुज्यावरच घेनार. लहानपनी पन तू दुकानातून येताना चिल्लर सांडायचास नि मंग रस्त्यात उकिडवा बसून रडायचास. खरं सांग, मी तुज्या बापाला बोलनार नाय.

वाडीतली सगली जमली होती. सगल्यांचं म्हननं पडलं, सायबाचं मन वलवायला पायजे. म्हनून धोंडुबाईसंगं कोंबडा देते. तांबडा हाय, तुरा बघ कसा. सायबाच्या हातात दे नि म्हन, पोर नवीन हाय, एक डाव माफी करा.

कट्ट्याचं मागनं बघू. आधी तू सूट.

तुजी आत्या, सीताबाई

ता. क. मी प्रतिक्षा. मी आत्यांना सांगितलं की तूट तुमची नाही, नगरपरिषदेची आहे. त्या म्हणाल्या, तू अजून लहान हायेस. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पत्र वाचलं तेव्हा धोंडुबाई घरात नव्हत्या. कोंबडा चोच मारतो, जपून.


पेण, १४ जानेवारी

ती. आत्यास,

कोंबडा पोचला. धोंडुबाईंनी तो सरळ लेखा विभागात आणला, माझ्या टेबलाच्या पायाला बांधला आणि "सायबाला द्यायचा हाय, पोराला माफी करा," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगून बाजाराला गेल्या. कचेरीत अशी भेट आणणं म्हणजे काय, हे तुला माहीत नाही. विलासरावांनी चष्मा वर केला, कोंबड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आवक नोंदवहीत घे. विषय, कोंबडा. सोबतची कागदपत्रं, निरंक."

मी खरोखरच वही उघडली. मग सगळे हसायला लागले तेव्हा कळलं.

त्याला परत पाठवायचं ठरलं, पण धोंडुबाई म्हणतात, टोपली जड असते म्हणून त्या त्याला फक्त येताना आणू शकतात, जाताना नाही. जाताना टोपली रिकामी असते, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तेच की. रिकाम्या टोपलीत तो बसत नाय." म्हणून शिपाई दामूकाकांनी त्याला मागच्या आवारात ठेवलंय. विलासरावांनी त्याचं नाव शिल्लक ठेवलं. म्हणतात, तूट एवढी मोठी आहे, निदान एक शिल्लक तरी दाखवता येईल.

आता नीट ऐक, आत्या. माझ्या हातून काहीही पडलेलं नाही. समज, तुझ्या घरी कार्य आहे. मुंबईचे पाहुणे दरवेळी तांदळाची गोण पाठवतात, म्हणून तू त्या हिशेबाने माणसं बोलावलीस. यंदा त्यांनी अर्धीच गोण पाठवली. आता कोणाला तरी पानावरून उठवावं लागणार. कोणाला उठवायचं, हे मला लिहायला सांगितलंय. आणि माझ्या यादीत पहिलं नाव धोंडुबाईंचं आहे. एवढीच माझी काळजी आहे, पण ती पुरेशी आहे.

तुझा,
नितेश

प्रतीक्षा, तुझ्या नावातली 'ती' दीर्घ असते. राग मानू नकोस. चोच दोनदा लागली.


वाडी, १९ जानेवारी

नितेश बाला,

आता समजलं. मंग आधीच गोनीचं लिवायचं ना, कोंबडा तरी वाचला असता.

मी काय म्हनते, पानावरनं उठवायचं कशाला? सरकून बसायचं. आमच्या कार्यात एका पाटावर दोघी बसतात नि जेवून उठतात, कोन उपाशी जात नाय. तुमच्या सायबलोकांना मांडी घालून बसायला लय जागा लागते.

पेनच्या लोकांचं मला सांगू नको. आता गनपतीवाला शेठ झालाय त्या कृष्णाच्या बापाच्या कारखान्यात मी गनपती करायला होते, तवा तू जलमला पन नव्हतास. साच्यात माती दाबून हाताचं सालटं जायचं. आखाड आला की घरात पाय ठेवायला जागा नसायची. माजघरात गनपती, माल्यावर गनपती, पलंगाखाली गनपती. शेठानीबाई चूल अंगनात मांडायची, नि कृष्णा, तवा एवढासा होता, तो पडवीत गोनपाटावर झोपायचा. पावसात एक जरी मूर्ती भिजली तर शेठ सगल्यांना शिव्या घालायचा. गनपतीला एवढं छप्पर लागतं त्या गावात, नि बायांना एक नाय. इचार त्या कृष्णाला, अजून पडवीतच झोपतो का.

ह्या डाव वाल चांगला लागलाय. शेंगा धाडल्यात, त्यात भांबुर्ड्याचा पाला पन हाय. दामूला सांग, शेंगा नि पाला मडक्यात भरून जालावर ठेवा, कचेरीच्या मागं पोपटी लावा. कोंबडा हायच.

तुजी आत्या

ता. क. आधार कार्डावर माझं नाव असंच आहे. कंपनीच्या पासवरही असंच आहे. सगळं जग चुकतंय असं म्हणायचं असेल तर तसं लिहा. कोंबडा पोपटीत घालू नका. मी त्याला लहानाचा मोठा केलाय.


पेण, २४ जानेवारी

ती. आत्यास,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच राहिला. मग बाजारामागच्या जागेवर गेलो. घाबरू नकोस, चांगली गोष्ट आहे. म्हणजे चांगली होऊ शकते. मी अजून नक्की म्हणत नाही.

कट्ट्यावर छप्पर येणारच होतं. ते थोडं उंच घेतलं आणि मध्ये माळा टाकला, तर वर गणपती राहतील आणि खाली बाया. कारखानदारांना पावसाळ्यात कोरडी जागा मिळत नाही, अजूनही. मी कृष्णाशेठना विचारलं. (विचारण्याआधी दुकानावरून दोनदा पुढे गेलो.) ते पडवीत झोपत नाहीत, पण म्हणाले, मुलीच्या खोलीत सगळे गणपती ठेवलेत, ती परीक्षेचा अभ्यास मामाकडे जाऊन करते. त्यांनी आणि आणखी काही कारखानदारांनी तीन वर्षांचं माळ्याचं भाडं आधी भरलं, तर कट्ट्याचा निम्म्याहून जास्त खर्च निघतो. तू म्हणालीस तसं, सरकून बसायचं.

विलासरावांना तोंडी न सांगता मी ते टाईप करून दिलं. त्यांनी वाचलं, परत वाचलं, मग विचारलं, "हे कोणाच्या डोक्यातून आलं?" मी म्हणालो, "माझ्या आत्याच्या." ते म्हणाले, "कोंबडेवाली?" आणि कागद घेऊन मुख्याधिकारी मॅडमकडे गेले.

धोंडुबाईंनी आज विचारलं, कट्टा कुठवर आला. मी म्हणालो, "उंच होतोय." त्यांनी मान वर करून पाहिलं आणि टोपली उचलली.

तुझा,
नितेश

प्रतिक्षा, आधार कार्डाशी मी वाद घालत नाही. कोंबडा सुखरूप आहे. पोपटी आम्ही अंड्यांची केली आणि त्याला दुसरीकडे तोंड करून बसवलं होतं.


वाडी, ५ फेब्रुवारी

नितेश यांस,

हे पत्र आत्या सांगत नाहीत, मी माझ्या मनाने लिहितेय. धोंडुबाई रोज रिकाम्या हाताने येतात. आत्या रोज विचारतात, त्या रोज म्हणतात, "पोरगा मला बघून खांबामागं जातो." तुम्ही खरंच खांबामागे जाता का?

आत्यांना वाटतंय सायबाने कोंबडा खाल्ला आणि कट्टाही कापला. काहीतरी लिहा. वाईट असलं तरी लिहा. माझी या आठवड्यात दुसरी शिफ्ट आहे, दुपारी कंपनीत जायच्या आधी मी वाचून दाखवू शकते.

प्रतिक्षा


पेण, ७ फेब्रुवारी

ती. आत्यास,

खांब फार रुंद नाही, त्यामुळे मी त्यामागे जातो हे सगळ्यांना दिसतं. माफ कर.

गोष्ट अडली आहे. मॅडम म्हणाल्या, कल्पना चांगली, पण कारखानदारांनी लेखी दिल्याशिवाय भाडं जमेला धरता येत नाही. कारखानदार म्हणतात, आधी छप्पर दाखवा, मग लेखी देतो. कृष्णाशेठ म्हणाले, "बाळ, उघड्या जागेचं भाडं कोणी देतं का? शिवाय तिथे आमच्या मूर्तींवर लक्ष कोण ठेवणार? राखणदार ठेवायचा तर त्याचा पगार कोण देणार?" मी "विचारून सांगतो" म्हणालो आणि कोणाला विचारायचं ते मला माहीत नव्हतं.

बरं, लेखी मिळालं तरी उरलेली रक्कम कुठून आणायची? यादीत खाली मुख्य रस्त्यावरची स्वागत कमान आहे. नगरसेवक जनूभाऊंना ती वडिलांच्या नावाने हवी आहे. ती कापायची गोष्ट सभेत कोणी काढणार नाही, असं विलासराव म्हणतात.

सभा २५ तारखेला आहे. त्याआधी लेखी मिळालं नाही तर कट्ट्यासमोर मलाच शून्य टाईप करावं लागेल. धोंडुबाईंना काय सांगू ते लिही. तू सांगशील तसं मी बोलेन.

तुझा,
नितेश

प्रतिक्षा, पत्र लिहिल्याबद्दल आभार. तुझ्या पत्रात एकही चूक नव्हती.


वाडी, ९ फेब्रुवारी

नितेश बाला,

तू काय बोलू नको. मी येते.

मंगलवारी धोंडुबाईसंगं सकालच्या गाडीनं येते. तू कृष्णाच्या कारखान्यात ये, नि खांबामागं उभा राहू नको. प्रतिक्षा सुट्टी टाकते म्हनते, मला डाव्या कानानं आयकू येत नाय म्हनून. मी बोलले, बोलायचं मला हाय, आयकायचं कृष्णाला. पन ती येते.

आत्या


पेण, २७ फेब्रुवारी

ती. आत्यास,

तू परवा सभेत बायांबरोबर मागच्या बाकावर होतीस, पण तुझा डावा कान अध्यक्षांकडे होता आणि प्रतिक्षा हसत होती, त्यामुळे तिने तुला सगळं सांगितलं नसणार. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मंगळवारबद्दल लिहायचं राहिलं होतं. कृष्णाशेठच्या दारात तू "काय रे कृष्णा, गोनपाट हाय का अजून?" म्हणालीस, तेव्हा मला जमिनीत जावंसं वाटलं होतं. त्यांचे कारागीर ब्रश हातात धरून बघत राहिले. पण ते उठून तुझ्या पाया पडले, आणि मग तू ते बोललीस. "राखनदार कशाला ठेवतोस? ह्या बाया दिवस उगवायला येतात नि दिवे लागल्यावर जातात. खाली पंचवीस डोकी बसल्यावर वर उंदीर तरी चढेल का? त्या तुजं गनपती राखतील, तू त्यांचं छप्पर राख." हे उत्तर मला सुचायला हवं होतं. मी रोज त्या बाजारातून जातो. कृष्णाशेठनी तिथेच कागद मागवला, बाकीच्या कारखानदारांनाही सहीला बोलावलं, आणि तो करार टाईप करताना माझी आयुष्यातली पहिली चूक झाली. मी 'भाडेकरू' च्या जागी 'गणपती' लिहिलं. प्रतिक्षाने दाखवली.

आता सभा. नगराध्यक्ष नूतनताईंनी विषय वाचला. एक सदस्य उठले, "खाली कांदा-लसूण नि वर देव, हे बरं दिसतं का?" कृष्णाशेठ लोकांत बसले होते, त्यांना बोलायला परवानगी दिली. ते म्हणाले, "साहेब, डोळे रंगवून होईपर्यंत, म्हणजे आखणीपर्यंत, गणपती माझा माल असतो. आखणीला मी त्याला दुकानात नेतो. मग या नमस्काराला." लोक हसले, ते सदस्यही हसले.

मग नूतनताई म्हणाल्या, उरलेल्या रकमेचं काय? तेव्हा धोंडुबाई उठून उभ्या राहिल्या. तू त्यांचा हात ओढत होतीस, आठवतं? त्या जनूभाऊंना म्हणाल्या, "जनूभाऊ, तुमचं बाबा माज्याकडनं शेंगा घ्यायचं. भाव करायचं नाय, पन निवडून घ्यायचं, एकेक शेंग. कमानीखालनं मोटारी जातील. त्या वर बघत पन नायत. आमच्या छपरावर त्यांचं नाव लिवा, आम्ही रोज बघू."

जनूभाऊंनी कमानीचा कागद घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाले, "निवडून घ्यायचे, खरं आहे. आई ओरडायची." आणि कमान मागे घेतली. कट्ट्याच्या दर्शनी भागावर त्यांच्या वडिलांचं नाव येईल. बाकीची तूट विलासरावांनी थकलेल्या घरपट्टीची वसुली आणि कचेरीची रंगरंगोटी यांत बसवली. भिंती या वर्षी अशाच राहतील.

नूतनताईंनी विचारलं, "कोणाचा विरोध?" त्या क्षणी मागच्या आवारातून शिल्लक आरवला. "हा विरोध की पाठिंबा?" दामूकाका दारातून म्हणाले, "पाठिंबा, ताई. विरोधाला तो चोच मारतो." आणि मंजूर झालं.

आत्या, त्या ओळीसमोर शून्य होतं, ते मी स्वतः काढलं आणि आकडा टाईप केला. मग पान वाचलं. एकदाच. चूक नव्हती.

एक राहिलं. धोंडुबाईंना मी सगळं खरं सांगितलं, की दीड महिना मी लपवत होतो. त्या फक्त म्हणाल्या, "बरं." मला अजून काळजी आहे. त्या रागावल्या असतील का, विचारून कळव.

तुझा,
नितेश

प्रतिक्षाला नमस्कार. मला तिला आणखी काही लिहायचं होतं, पण हे पत्र तुझ्या नावाचं आहे.


वाडी, २ मार्च

नितेश बाबू,

मी धोंडुबाई. इतके दिवस तुमची पत्रं न्हेली-आनली, आता हे माजं.

रागावू कशाला? पयलं पत्र वाचलं तवा मी सीतेच्या पडवीत शेंगा निवडत बसले होते. प्रतिक्षानं घरात वाचलं, पडवीत आयकू आलं. तवापासून मला सगलं ठावं हाय. रोज तुला इचारायचे, कट्टा कुठवर आला, ते तू इसरू नये म्हनून. नि तुज्या तोंडाकडं बघून मला मज्या वाटायची, ती पन खरी. सभेत काय बोलायचं ते मी गाडीत कासू ठेसनापासून घोकत होते. सीतेला सांगितलं असतं तर तिनंच बोललं असतं.

मला जागा नलाजवलची दे, कोपऱ्यातली. डोक्यावर मोठा गनपती ठेवा, बारका नको. राखायचंच तर भारी राखू. कोंबडा कचेरीतच राहू दे, आता तो सरकारी हाय.

नि आता शेवटचं. प्रतिक्षाला जे लिवायचं ते तिच्या नावानं लिव, वेगल्या कागदावर. सीतेच्या पत्राखाली लिवतोस ते वाचताना पोरीचा आवाज अडतो, नि आमाला दोघींना पुन्ना पुन्ना वाचायला सांगावं लागतं. वेगला कागद मी टोपलीत तलाला ठेवीन, शेंगांच्या खाली. सीतेला दाखवनार नाय. उद्या सकाली हे पत्र तुला देते, संध्याकालच्या गाडीच्या आत लिवून ठेव.

धोंडुबाई

ता. क. हे मला लिहायला लावलंय, माझा इलाज नाही. उद्या माझी सुट्टी आहे, संध्याकाळी धोंडुबाई येतील तेव्हा मी घरीच असेन.
प्रतिक्षा